बाबांनी शिवलेल्या पत्रावळी

मायला सुट्टी पाहिजे झाली ती माझ्या शाळेमुळे. मी तेव्हा चौथीत होते. पुढे शिकले नाही. दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी मी पाटी कोनाड्यात टाकली आणि सुट्टी लागली म्हणून घरभर ओरडत फिरले. माय चुलीपुढे भाकरी थापत होती.

"सुट्टीत तुमचा मास्तर काय करते वं?" तिनं विचारलं.

"काई नाई. आपल्या गावी जाते."

"आन् पगार?"

"थो भेटतेच."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. ती भाकर फुगली, उतरली, दुसरी पडली, तीही उतरली. मग माय म्हणाली, "मले बी पायजे."

"काय पायजे?" बाबा ओसरीवरून म्हणाले.

"सुट्टी."

बाबा हसले, म्हणून आत्याही हसली. आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची आणि बाबा हसले की हसायची, चिडले की चिडायची. ती म्हणाली, "बाईच्या जातीले सुट्टी एकदाच भेटते वं. तिरडीवर."

"थे नोको. मी जित्ती असतानीची म्हनते. मी बसीन, कोनीतरी वाढन, मी खाईन, आन् ताट उचलाले बी उठनार नाई. चार दिस."

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. माय कुठं जात नव्हती असं नाही. दरवर्षी माहेरी जायची. तिथं भावजय वाटच पाहत असायची. "आल्या का वन्सं, बरं झालं," असं म्हणून ती पोळपाट मायकडे सरकवायची आणि आपण बाळंतपणाला निघून जायची. मायच्या लक्षात आलं होतं की बाईमाणूस कुठंही गेलं तरी चूल तिच्या आधी पोचलेली असते. म्हणून तिनं सुट्टीच्या गावासाठी एकच अट घातली. त्या गावात आपलं कोणी नको.

हे फार अवघड निघालं. अकोल्याला बाबांची मावसबहीण होती. अमरावतीला मामा. मेडशीला चुलत्याची लेक दिलेली, किन्हीराजाला आत्याचे सासरचे. नाव काढावं तिथं कोणी ना कोणी दारात उभं. शेवटी मी माझं पुस्तक काढलं आणि नाशिक म्हणून वाचलं.

"तिथं कोन हाय आपलं?" मायनं विचारलं.

बाबांनी आठवलं, आत्यानं आठवलं. कोणीच नव्हतं.

"मंग तेच गाव," माय म्हणाली.

बाबांना नाशिक पटलं, कारण गोदावरीत बुडी मारली की पुण्य लागतं आणि ते गावात सांगता येतं. चार दिवस बसून खायला चाललो असं कोणाला सांगणार? तिकिटाचे पैसे कापसातून देतो म्हणाले. होळीच्या आधी जाऊ, धर्मशाळेत उतरू. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग ते म्हणाले, "सोबत पीठ घेऊ, दाय घेऊ. तवा घे. धर्मशाळेत चुली असतात."

माय उठून आत गेली. तवा घेऊन बाहेर आली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. तुमी आन् तवा जा नाशकाले. मी इथंच बसतो."

बाया असं 'मी बसतो, मी जातो' आमच्याकडे बोलतातच. पण त्या दिवशी तिचं ते बोलणं बाप्यासारखंच वाटलं.

"मंग खाशीन काय तिथं?"

"इकतचं."

इकतचं जेवण! आत्यानं कानाला हात लावला. घरात जवारीची कणगी भरलेली, आणि माणूस पैसे देऊन भाकर खाणार? आमच्या गावात विकतचं जेवण फक्त कोर्टात तारीख असलेले लोक खात, आणि तेही गावात आल्यावर सांगत नसत. बाबा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निवाडा दिला. तिकीट त्यांचं. खाणावळीचे पैसे घरानं वरची कमाई करून जमवायचे. शेतीच्या पैशाला हात लावायचा नाही.

इथं एक सांगून ठेवते. बाबांना स्वतःला सुट्टी होती. माघात शंकरपट भरायचा, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्यासाठी बाबा बैलांना सरकी चारत, नवी घुंगरमाळ आणत, आणि पटावर तीन-चार दिवस मुक्काम करून तर्रीदार भाज्या खाऊन येत. त्याचे पैसे ते कापूस विकला की आधीच एका तांब्याच्या डब्यात काढून ठेवत. त्याला घरात कोणी सुट्टी म्हणत नव्हतं. त्याला बैलांचा खर्च म्हणत.

वरच्या कमाईचा पहिला विचार बाबांनीच आणला. शेलूबाजारच्या व्यापाऱ्याची तूर घरी आणू, भरडून डाळ करून देऊ.

"भरडन कोन?" मायनं विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"वा! सुट्टीसाठी जातं मीच ओढू? माहा हात लागला तं थे सुट्टी नाई, थे मजुरी." आणि तिनं दुसरी अट घातली. घरातलं आणि वावरातलं रोजचं काम ती करील, पण या वरच्या कमाईला तिचा हात लागणार नाही.

आम्ही मग आपापल्या परीनं लागलो. कापूस वेचणीचे दिवस, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि त्यात ही कमाई. आत्यानं मुगाच्या वड्या घातल्या आणि टोपली घेऊन विकायला निघाली. गावात एकही छप्पर असं नव्हतं की ज्याच्यावर मुगाच्या वड्या वाळत नव्हत्या. दर घरी बायांनी तिला बसवलं, चहा पाजला आणि आपल्याच वड्या चाखायला दिल्या. आत्या भरली टोपली आणि भरलं पोट घेऊन परत आली. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बोरं गोळा करून शेलूबाजारच्या बाजारात नेली आणि एक शिंगाचा कंगवा घेऊन आला. त्याला तेव्हा मिशी फुटत होती, त्याच्याकडून याहून जास्त आशा नव्हती. मी रस्त्याच्या बाभळींना अडकलेला कापूस वेचायची. कापसाच्या गाड्या भरून जात, त्यांतले पुंजके काट्यांना लटकून राहत. पण दुकानदार पोरांना त्याचे पैसे देत नसे, रेवड्या देई. रेवड्यांवर नाशकात कोणी जेवू घालत नाही.

मग आत्याला पत्रावळी सुचल्या.

पळसाची पानं रानात फुकट. माघ-फाल्गुनात लग्नं निघाली की पत्रावळी खपतात. शेलूबाजारचा एक किराणावाला म्हणाला, माघात आणा, सगळ्या घेतो. आमच्या गावात मात्र पत्रावळ विकायची नसे. पत्रावळी पुरवणाऱ्या गुरवाचं घर गावात नव्हतं, म्हणून लग्न निघालं की गल्लीतलं दर घर आपापल्या पत्रावळी शिवून लग्नघरी नेऊन देई. तिथं पैशाची गोष्ट काढली तर माणूस हलका झाला.

पानं दादानं आणि मी आणली. शिवायची कोणी? आत्याच्या बोटांत वात. माझ्या हातून काडी टोचताना पान फाटायचं. मायचा हात लागणार नव्हता. राहिले बाबा. आमच्याकडे बाप्या माणूस दोर वळील, टोपली विणील, गोधडीला टाकाही घालील, पण पत्रावळ शिवत नाही. ते बायांचं काम. म्हणून बाबा दिवेलागणीच्या आधी गोठ्यात जात, आतून कडी लावत आणि बैलांच्या समोर बसून पत्रावळी शिवत. बाहेरून कोणी हाक मारली की मी सांगायची, "बाबा बैलाले औषध पाजून राह्यले." त्या हिवाळ्यात आमच्या बैलांना एवढं औषध झालं की लोक विचारायला लागले, पटात जोडी धावणार की नाही.

बाबा हुशार माणूस. आणि हुशार माणसाच्या हातात नवं काम दिलं की तो त्यात सुधारणा करतो. बाया पानावर पान अर्धं चढवून शिवतात. बाबांनी पाहिलं की टोकाला टोक लागलं तरी पत्रावळ गोल दिसते आणि पानं वाचतात. तेवढ्याच पानांत किती तरी जास्त पत्रावळी निघाल्या. ते खूश होते. त्यांनी एक दिवस मायला गोठ्यात बोलावून ढीग दाखवला.

मायनं एकही पत्रावळ उचलली नाही, नुसती पाहिली. "वरन राहीन का याच्यात?"

"काहून नाई राहनार?"

"मी नुसतं इचारलं." आणि ती पाण्याला निघून गेली. हात लावायचा नाही म्हणजे बोटही लावायचं नाही, हे तिनं पाळलं.

ढीग दगडाखाली दाबून वाळला. माघ लागला. शेलूबाजारला गाडी न्यायची ठरली होती, त्याच्या आदल्या दिवशी समोरचे काका आले. डोक्यावरचा फेटा हातात होता, म्हणजे अडचण होती. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, पण नवऱ्या मुलाची आजी अंथरुणाला खिळली आणि तिकडच्यांनी याच आठवड्याची तिथी काढली.

"सगळं झालं, पन पत्रावळीचं कसं करावं?" काका म्हणाले. "आता पळसाले पानच नाई. गल्लीत एकाच्या बी घरी नाई."

पळस तेव्हा उघडे पडतात, हे खरं. बाबा आमच्याकडे न पाहता म्हणाले, "काहून नाई? आमच्या घरी हायेत ना. गल्लीची लेक हाय, आमची नोय का? सगळ्या घेऊन जाय."

काका रडायचे बाकी होते. "वैनीचे लय उपकार झाले. येवढ्या शिवल्या कवा वं वैनी?"

माय दाराआड होती. मला वाटलं आता भांडण. गोठ्यात शिवलेलं ते नाशिक, ती खाणावळ बाबांनी एका वाक्यात गल्लीला वाटून टाकलं होतं. पण माय बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "घेऊन जा भाऊजी. पन आमाले आवतन कोनतं?"

"म्हंजे?"

"येका मानसाचं, का चूलबंद?"

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं. त्या घरी चूल पेटवायची नाही. जवळच्यांनाच ते देत. काका म्हणाले, "चूलबंद! हळदीपासून तं वऱ्हाड वाटी लागे पावतर, चूलबंद!"

"आन् मी पोळपाटाले हात नाई लावनार. सांगून ठेवा तुमच्या घरी."

काका पत्रावळींसमोर काहीही कबूल करायला तयार होते.

हळदीच्या दिवशी माय नवं लुगडं नेसून गेली आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसली. आमच्याकडे शेजारीण लग्नाला येते ती पदर खोचूनच येते. तिकडे मोठ्या परातीत कणीक भिजत होती, बाया पोळ्या लाटत होत्या, घाम पुसत होत्या, आणि माय खांबाला टेकून वारा घेत होती. समोरची काकू, म्हणजे नवरीची आई, तीनदा तिच्या पुढून गेली. चौथ्यांदा थांबली.

"पाय मुरगळला का वं बाई?"

"नाई."

"मंग कंबर?"

"कंबर बरी हाय. भाऊजीनं सांगतलं नाई का?"

"सांगतलं. मले वाटलं मजाक हाय." काकूनं लाटणाऱ्या बायांकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "पाय धुवाले पानी आना वं कोनी. मामलेदारीनबाई आल्या हायेत."

सगळ्या हसल्या. माय पण हसली आणि तिनं पाय पुढे केले. पाणी काही कोणी आणलं नाही. पण जेवण आलं, पोळ्या आणि कोरडी भाजी. ती बसली, बायांनी वाढलं, ती जेवली, आणि उठताना पत्रावळ तिथंच ठेवली. मी तिच्या शेजारी होते. माझी उचलायला लागले तर तिनं माझा हात धरला. "बस. त्याईची हाय, त्याईले उचलू दे."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. पहिली पंगत वरपक्षाच्या पुरुषांची. नवऱ्या मुलाचा मामा मधोमध बसला, कडक पांढरं धोतर, नुकतंच इस्तरी मारलेलं. वाढायला गल्लीतले बाप्ये. वरणाची बादली बाबांच्या हातात. बाबांना वरण वाढायचा फार शौक. 'वरन घ्या, वरन घ्या' करत ते भातावर असं ओतायचे की पाहणाऱ्यानं पाहावं.

मामाच्या भातावर वरण पडलं. भातातून खाली गेलं. मग थोडा वेळ ते कुठंच दिसलं नाही. मग मामा उठून उभा राहिला.

"अबे हे काय?" धोतरावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत पिवळा ओघळ. "पत्रावळ हाय का चाळनी?"

तोवर दुसरा उठला, तिसरा उठला. सगळी ओळ मागे मागे सरकू लागली आणि वरण त्यांच्या मागे मागे येऊ लागलं. बाबा बादली घेऊन तिथंच. ते पटकन म्हणाले, "वरन पातळ झालं."

हे आचाऱ्यानं ऐकलं. तो भट्टीजवळून डाव घेऊनच आला. "पातळ? हे पातळ? पाह्य!" आणि त्यानं डाव उलटा करून दाखवला. डावाला वरण घट्ट चिकटलं होतं. "पत्रावळी कोन्या खेटराच्या हाताच्या हायेत, थे इचारा!"

"कोनं शिवल्या?" मामा गरजला.

काकू पुढे आली. एवढा वेळ तिच्या मनात होतं ते तिला मोठ्यानं बोलायला मिळालं. "समोरच्या वैनीनं. पोळपाटाले हात नाई लावत म्हने. बरं झालं बाप्पा, नाई लावला!"

सगळा मांडव खांबाकडे पाहायला लागला. माय खांबाला टेकलेली होती तशीच होती. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी बादलीत पाहिलं, जणू वरणात काहीतरी पडलं होतं. माझ्या तोंडातून निघत होतं, पण मायनं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की मी गप्प.

"दोन-दोन एकावर एक ठेवा," ती शांतपणे म्हणाली. "नाई गळनार."

दोन-दोन ठेवल्या. नाही गळल्या. बाबांनी वाचवलेली सगळी पानं तिथं वसूल झाली. माणसं जेवली, मामाला काकांनी आपलं धोतर दिलं, लग्न लागलं. पण मायच्या हाताचं नाव गेलं. वऱ्हाड वाटेला लागेपर्यंत दर बाई तिला विचारून गेली, "काय वं, आजारी गिजारी होती का शिवतानी?" आणि माय खाली बसून, कोणी वाढलेलं खात राहिली.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. बाबांना वाटलं संपलं. ते खुशीत म्हणाले, "झाली ना तुही सुट्टी? चार दिस चूल बंद. बसल्या जागी जेवली. नाशकाले आता कायले जावाचं?"

आत्या म्हणाली, "व्हय, झाली की."

माय चुलीतली राख काढत होती. ती काढायची थांबली. "थे जेवन पत्रावळीचं होतं. आन् पत्रावळी माह्या सुट्टीच्या होत्या. तुमी दान केल्या. बरं केलं, लेकीचं लगन निभलं. आता दान तुमचं, तं भरपाई बी तुमची."

"कुठून आनू?"

"डब्यातून."

तांब्याच्या डब्याचं नाव निघताच बाबा उठून बसले. "थो बैलाचा खर्च हाय!"

"मंग राहू द्या." माय परत राख काढायला लागली. "सकाळी आडावर समद्या बाया येतील. काकू बी येईन. मले इचारतील, हाताले काय झालं होतं वं. म्या आतापावतर सांगतलं नाई. उद्या सांगतो, कोन कोन्या गोठ्यात कडी लावून काय करत होतं थे."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या बाबांच्या बाजूचीच होती, पण तिला हसू आवरेना. ती म्हणाली, "अन् नवरदेवाचा मामा पटावर येते म्हने दरसाल. त्याच्या बी कानावर जाईन."

मग बाबा उठले आणि डबा काढला. त्या वर्षी आमचे बैल पटात धावले नाहीत. बाबांनी गावात सांगितलं की औषध लागू पडलं नाही.

नाशिकला आम्ही होळीच्या आधी गेलो. शेलूबाजारहून मोटर, पुढे आगगाडी. गोदावरीत बुडी मारली, पाणी थंड होतं. रामकुंडाच्या वरच्या अंगाला एका बामणाची खाणावळ होती. पाट मांडलेले, कळकट भिंत, वाढणारा दाढी न केलेला. बाबा चारही दिवस ताटाकडे असे पाहायचे, जणू त्यात कोणाचं तरी पाप वाढलंय. पोळ्या जाड, कडेला कच्च्या. आमटीत मीठ फार. मला वाटलं माय आता उठणार आणि आत जाऊन त्या बामणाला दोन गोष्टी सुनावणार. घरी कोणी अशी पोळी केली असती तर तिनं परातीसकट बाहेर काढलं असतं.

शेवटच्या दिवशी बाबांनी विचारलंच. "कच्ची हाय ना?"

माय चावत होती. गिळून झाल्यावर तिनं सांगितलं.

"कच्चीच हाय. पन म्या नाई केली." आणि वाढणाऱ्याला हाक मारून तिनं आणखी एक मागितली.